कंसासकट

— पाचव्या मजल्यावर कोण राहतं, हे विचारायचं नसतं.

— ते वटवाघूळ नाही. माझी आई आहे.

— माझे पाय शोधून दे, मग जा.

— ही उशी कुणाची?

— इथं लिफ्ट नाही. मी तुला उचलून नेईन.

— रक्त वाळायला वेळ लागतो. बस जरा.

ध्वनिमुद्रक: बास, बास. आवाजाची पातळी मिळाली, मावशी. पाणी देऊ?

मावशी: पाणी राहू दे. कसं झालं ते सांग.

ध्वनिमुद्रक: छान. म्हणजे, फारच छान.

मावशी: 'फारच' म्हणालास म्हणजे काहीतरी बिनसलंय.

ध्वनिमुद्रक: नाही हो. अंगावर काटा आला.

मावशी: भूत आहे मी, काटा यायलाच हवा. दोन महिने तयारी केलीय. न्हाणीघरात, दार लावून. शेजारीण विचारायला आली, घरात कुणी आजारी आहे का म्हणून.

ध्वनिमुद्रक: तेच म्हणतोय. जरा कमी करता येईल का?

मावशी: काय कमी?

ध्वनिमुद्रक: भीती.

मावशी: भुताच्या सिनेमात भीती कमी? मग वाढवायचं काय, मीठ?

ध्वनिमुद्रक: भावना म्हणू या. तेवढी नको. सपाट हवं. वीजबिल वाचल्यासारखं.

मावशी: हे बघ बाळा. तू फोनवर म्हणालास, सहाव्या रिळाचा आवाज बुरशीनं खाल्ला, भुताचे संवाद परत हवेत. मी म्हटलं, चला. छापून गेलेली चूक परत कुणाच्या हाती येत नाही. फार तर पुस्तकाच्या शेवटी शुद्धिपत्र चिकटवतात, आणि ते कुणी वाचत नाही. मला एकतीस वर्षांनी मूळ पान हातात मिळालंय. मी ते वीजबिलासारखं वाचू?

ध्वनिमुद्रक: कागदावर काय आहे ते एकदा बघता का? पान दोन.

मावशी: बघितलं. त्यातले कंस मी खोडलेत.

ध्वनिमुद्रक: खोडलेत?

मावशी: पेन्सिलीनं. समासात खूणही केलीय, गाळावे म्हणून. नीट केलंय, काळजी करू नकोस.

ध्वनिमुद्रक: मावशी, कंस हवे होते.

मावशी: कंसात अभिनयाच्या सूचना असतात. दातओठ खाऊन, जवळ सरकत, किंचाळून. त्या करायच्या असतात, वाचायच्या नसतात. मला तेव्हा नव्हतं माहीत, आता आहे. तेव्हा मी त्या वाचल्या. भूत नायकाच्या मानेवर वाकतंय आणि मी म्हणतेय, 'कंसात, दातओठ खाऊन, कंस पुरा.' सिनेमा पाहिलायस ना तू?

ध्वनिमुद्रक: बेचाळीस वेळा.

मावशी: बेचाळीस? तुला घरदार नाही का रे?

ध्वनिमुद्रक: आहे. बायको आहे, मुलगी आहे पाच वर्षांची.

मावशी: आणि हे उकाड्यात जाकीट कशाला? चेन अगदी गळ्यापर्यंत.

ध्वनिमुद्रक: एसीमुळे.

मावशी: एसी तूच बंद केलास. त्याची घरघर येते म्हणालास. घामानं निथळतोयस. चेन खाली कर.

ध्वनिमुद्रक: राहू दे ना.

मावशी: कर म्हणते ना.

ध्वनिमुद्रक: घ्या.

मावशी: काचेतून दिसत नाही नीट. जवळ ये. हं. 'कंसात दातओठ खाऊन.' टी-शर्टवर. आणि मागे? वळ. 'कंस पुरा.' बरं. कुठं शिवून घेतलास?

ध्वनिमुद्रक: शिवला नाही, मिळतो. आमच्यातल्या बऱ्याच जणांकडे आहे.

मावशी: तुमच्यातल्या म्हणजे?

ध्वनिमुद्रक: बघणारे. वर्षातून तीन-चारदा खेळ लावतो. लोक छत्र्या घेऊन येतात. वटवाघूळ आलं की सगळे एकदम छत्र्या उघडतात.

मावशी: ती छत्रीच होती. आमच्या छापखान्याच्या व्यवस्थापकाची. मूठ दिसते तिची.

ध्वनिमुद्रक: मूठ दिसली की टाळ्या. सांगाड्याच्या गळ्यात पाटी आहे ना, 'हात लावू नये'? ती सगळे मिळून वाचतात. नायक पाचव्या मजल्यावर जातो तेव्हा मोठ्यानं मजले मोजतात.

मावशी: इमारत तीन मजल्यांची होती.

ध्वनिमुद्रक: म्हणून तर तोच जिना पाचदा चढतो. तिसऱ्यांदा मिशी गायब, चौथ्यांदा परत.

मावशी: मिशी चिकटवायची होती. घामानं पडायची बिचाऱ्याची. आणि ते रक्त म्हणजे छापखान्याची लाल शाई. तीन आठवडे गेली नाही तोंडावरची. बँकेत कारकून होता, सुट्टी काढून बसला घरात.

ध्वनिमुद्रक: हे कुणालाच माहीत नाही! हे तुम्ही शनिवारी येऊन सांगा ना. संध्याकाळी सहाला खेळ आहे.

मावशी: शनिवारी संध्याकाळी मला काम असतं. आणि तू विषय बदलू नकोस. म्हणजे लोक हसतात.

ध्वनिमुद्रक: हसतात.

मावशी: दादाला काय सांगितलंस तू? सिनेमा त्याचा आहे.

ध्वनिमुद्रक: लोकांना आवडतो, असं.

मावशी: आणि प्रेमानं हसतात, असं मला सांगणार.

ध्वनिमुद्रक: तेच म्हणणार होतो.

मावशी: नको म्हणूस. प्रेमानं हसलेलं आणि नुसतं हसलेलं कानाला सारखंच लागतं. तुझा तर धंदाच कानाचा.

ध्वनिमुद्रक: मावशी, चांगला सिनेमा मी एकदा बघतो. आवडतो, घरी जातो. तो सगळीकडून बंद असतो, त्यात आपलं काही काम नसतं. तुमचा सिनेमा म्हणजे... त्याला जागोजागी भोकं आहेत. माणूस आत शिरतो. आमची अर्धी ओळखपाळख त्या भोकांतून झालीय. माझ्या बायकोनं वटवाघळाला छत्री उघडली, ती माझ्या डोळ्यात गेली. दवाखान्यात तीच घेऊन गेली.

मावशी: आणि तू लग्न केलंस.

ध्वनिमुद्रक: दोन वर्षांनी. डोळा बरा झाल्यावर.

मावशी: तुझं कल्याण झालं, आनंद आहे. माझ्या भावाचं काय झालं ते ऐक. तो छापखान्यात प्रुफं तपासायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या वेलांट्या, रात्री स्वतःची गोष्ट लिहायचा. चार वर्षं लिहिलं. मग ओळखीपाळखीतून माणसं गोळा केली. भुताचं काम गल्लीतल्या परिचारिकेनं केलं. आवाज भरायच्या दिवशी तिला दवाखान्यातली पाळी बदलून मिळेना. म्हणून मी बसले. पहिल्या खेळाला सिनेमागृह भरलेलं. सहाव्या रिळापर्यंत लोक गप्प होते. हो, गप्प होते, तू हसू नकोस. मग मी बोलले. कंसात दातओठ खाऊन. लोक हसायला लागले ते दिवे लागेपर्यंत. दादा उठून बाहेर गेला. त्यानंतर त्यानं एक ओळ लिहिली नाही.

ध्वनिमुद्रक: ते तुम्हाला काही बोलले?

मावशी: एक शब्द नाही. एकतीस वर्षांत या सिनेमाचं नाव आमच्या घरात निघालेलं नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. आता ऐक. मी बरोबर वाचणार. नाहीतर तू दुसरं भूत बघ.

ध्वनिमुद्रक: पण तुम्ही कंस वाचलेतच का? रागावू नका. इतकी वर्षं आम्ही वाद घालतोय. कुणी म्हणतं मुद्दाम, कुणी म्हणतं चष्मा नव्हता.

मावशी: चष्म्याचा काय संबंध? वाचणं माझं काम होतं. मीही त्याच छापखान्यात. दादा प्रूफ घेऊन समोर बसायचा, मी मूळ मजकूर मोठ्यानं वाचायची. कागदावर असेल ते सगळं. स्वल्पविराम, पूर्णविराम, कंस सुरू, कंस पुरा. आणि सपाट वाचायचं. वाचणाऱ्यानं रंग भरला की तपासणारा गोष्टीत गुंगतो, आणि चूक सुटते. अकरा वर्षं मी तसं वाचलं. प्रेमपत्रं वाचली, खुनाच्या कथा वाचल्या, गाढवांच्या आजारांवरचं पुस्तक वाचलं. सगळं एका सुरात. त्या दिवशी आवाज भरायच्या खोलीत गेले, दादा सवयीनं समोर बसला, पेन्सिल काढली, आणि मी...

ध्वनिमुद्रक: प्रूफ वाचलंत.

मावशी: भुताचं. हो.

ध्वनिमुद्रक: मावशी, माझ्याकडे एक टेप आहे. ऐकवणार नव्हतो.

मावशी: कसली?

ध्वनिमुद्रक: त्याच दिवसाची. गोदामात सापडली. तुमचा आवाज असलेला भाग गेलाय. तुमचं वाचून झाल्यावर यंत्र तसंच चालू राहिलं असावं. अर्ध्या मिनिटाचं बोलणं आहे. तुम्ही तेव्हा बाहेर गेला असाल.

मावशी: मी पाणी प्यायला गेले होते. लाव.

टेपवरचा तंत्रज्ञ: साहेब, ताई कंससुद्धा वाचतायत.

टेपवरचा दादा: कुठला गाळला का?

टेपवरचा तंत्रज्ञ: छे, सगळे वाचले.

टेपवरचा दादा: मग झालं तर. मी ओळ न् ओळ पेन्सिल लावून बघितलीय. एकही चूक नाही.

टेपवरचा तंत्रज्ञ: म्हणजे परत घ्यायचं नाही?

टेपवरचा दादा: बिनचूक असल्यावर परत कशाला घ्यायचं?

ध्वनिमुद्रक: एवढंच आहे.

मावशी: परत लाव.

ध्वनिमुद्रक: मावशी...

मावशी: शेवटचं वाक्य. तेवढंच.

टेपवरचा दादा: बिनचूक असल्यावर परत कशाला घ्यायचं?

मावशी: बिनचूक म्हणतोय, गाढव.

ध्वनिमुद्रक: त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं.

मावशी: त्या तंत्रज्ञानं सांगितलं तरी नाही! कानावर पडलं आणि हा विचारतो, गाळला का म्हणून. आणि पहिल्या खेळाला लोक हसले तेव्हा याला कळलं असणार, की आपणच बरोबरची खूण केली होती. म्हणून उठून गेला. मला वाटलं, माझ्यावर चिडून गेला.

ध्वनिमुद्रक: तुम्हाला सांगायचं तरी त्यांनी.

मावशी: कसं सांगणार? तो चुका पकडणारा माणूस आहे. अरे, त्याच आठवड्यात तो रविवारी सकाळी माझ्या घरी आला. गच्चीवर चढला आणि पाण्याची टाकी धुऊन दिली. मी सांगितलं नव्हतं. पुढच्या रविवारी परत. तेव्हापासून दर रविवारी येतो, अजूनही. बहात्तर वर्षांचा आहे. मी म्हणायची, बघा, केवढं मन. मी याचा सिनेमा बुडवला आणि हा माझी टाकी धुतो. मग मी त्याला जेवायला थांबवायची. अपराध्यासारखी वाढायची.

ध्वनिमुद्रक: आणि ते?

मावशी: तो अपराध्यासारखा जेवायचा. मला वाटायचं, पोट बरं नसेल.

ध्वनिमुद्रक: चहा मागवू?

मावशी: चहा नको. खोडरबर आहे?

ध्वनिमुद्रक: आहे.

मावशी: दे. माझ्या खुणा पुसते. चारला आवाज पाठवायचाय म्हणालास ना? कंसासकट घे.

ध्वनिमुद्रक: मावशी, तुम्ही...

मावशी: पाया पडायला वाकू नकोस, वायर तुटेल. जा, बस तिकडे.

ध्वनिमुद्रक: टेक एक. बोला.

मावशी: 'मी आले आहे... कंसात, दातओठ खाऊन, कंस पुरा... तुझ्या मानेचा मला वास येतो...'

ध्वनिमुद्रक: थांबा. कंसातही तुम्ही घाबरवताय.

मावशी: सवय झाली दोन महिन्यांची. परत घे.

ध्वनिमुद्रक: टेक दोन.

मावशी: 'मी आले आहे कंसात दातओठ खाऊन...'

ध्वनिमुद्रक: आता हसताय.

मावशी: तुझ्या टी-शर्टामुळे. चेन वर कर. परत.

ध्वनिमुद्रक: टेक सात. मावशी, खरं सांगू? आता तुम्ही वाईट नटीसारख्या वाटताय. तेव्हा तुम्ही नटीच नव्हतात. तिथंच गोम आहे.

मावशी: मुद्दाम चुकणं फार अवघड असतं रे. समोर पेन्सिल घेऊन कुणीतरी लागतं. तू बस बघू.

ध्वनिमुद्रक: असा?

मावशी: 'मी आले आहे पूर्णविराम कंसात...' नाही. तू माझ्याकडे बघतोयस. तपासणारा वाचणाऱ्याकडे कधी बघत नाही, कागदाकडे बघतो. आणि तुझा चेहरा असा, की जसं काही तुझा वाढदिवस आहे.

ध्वनिमुद्रक: दादा खाली आहेत ना? स्कूटरपाशी?

मावशी: आहे. वर येणार नाही म्हणाला.

ध्वनिमुद्रक: बोलवू?

मावशी: बोलव. आणि एक. त्या टेपचं एक अक्षर त्याच्यापुढे काढायचं नाही. तुला तुझ्या पोरीची शप्पथ.

दादा: काय बिघडलं? मला त्या यंत्रांतलं काही कळत नाही.

मावशी: यंत्र नाही. प्रूफ वाचायचंय. बस समोर.

दादा: किती पानं?

मावशी: पाऊण पान.

दादा: चष्मा स्कूटरच्या डिकीत राहिला.

मावशी: डोक्यावर आहे.

दादा: हं. पेन्सिल आहे माझी. हे कुणी टंकलंय? समास कुठंय? दोन शब्दांत एवढी जागा, मधून बैलगाडी जाईल.

ध्वनिमुद्रक: मीच, दादा. चुकलं.

दादा: चुकलं म्हणून सोडून द्यायचं नसतं. असू दे. कुठून?

मावशी: वरून. 'मी आले आहे' पासून.

दादा: चल.

ध्वनिमुद्रक: टेक आठ.

मावशी: मी आले आहे पूर्णविराम कंसात दातओठ खाऊन कंस पुरा तुझ्या मानेचा मला वास येतो स्वल्पविराम कंसात जवळ सरकत कंस पुरा पळू नकोस कंसात किंचाळून कंस पुरा मी तुझीच आहे पूर्णविराम कंसात वीज चमकते कंस पुरा.

ध्वनिमुद्रक: अहाहा. अगदी! अगदी तेच! झालं! मावशी, हेच ते!

दादा: झालं कसं? 'पळू नकोस'च्या पुढे उद्गारचिन्ह आहे. गाळलंन् हिनं.

ध्वनिमुद्रक: चालेल हो, दादा.

दादा: चालेल म्हणजे? चूक दिसतेय आणि तशीच सोडायची?

ध्वनिमुद्रक: अहो, पण त्या वेळी तुम्हीच तर...

मावशी: पोरीची शप्पथ.

ध्वनिमुद्रक: तुम्हीच म्हणता तर घेऊ परत. टेक नऊ.

मावशी: मी आले आहे पूर्णविराम कंसात दातओठ खाऊन कंस पुरा तुझ्या मानेचा मला वास येतो स्वल्पविराम कंसात जवळ सरकत कंस पुरा पळू नकोस उद्गारचिन्ह कंसात किंचाळून कंस पुरा मी तुझीच आहे पूर्णविराम कंसात वीज चमकते कंस पुरा.

दादा: बरोबर.

ध्वनिमुद्रक: थँक्यू, दादा. शनिवारी येणार ना खेळाला?

दादा: छत्री आणावी लागते म्हणे.

मावशी: तुला कुणी सांगितलं?

दादा: नातीनं. तिच्याकडे तो शर्ट आहे, पुढे-मागे लिहिलेला. धुवून वाळत घातला होता, तेव्हा वाचला. छपाई बरी आहे.

मावशी: मला बोलला नाहीस.

दादा: तुला वाईट वाटलं असतं.

मावशी: मला?

दादा: (खाकरून) त्या दिवशीही समोर मीच बसलो होतो.

मावशी: आठवतंय मला.

दादा: हातात पेन्सिल घेऊन.

मावशी: हो रे. माहीत आहे.

दादा: माहीत आहे?

मावशी: मीच वाचत होते ना? मला माहीत नसेल, समोर कोण होतं?

दादा: हं. मग?

मावशी: मग काय. रविवारी येतोयस ना?

दादा: येतो. टाकीचं झाकण सैल झालंय, नवीन आणून ठेवलंय. आणि तळाला गाळ फार धरतो हल्ली. तुमच्याकडचं पाणीच गढूळ.

मावशी: असेल.

दादा: मी स्कूटर काढतो. तू ये सावकाश, जिना बघून उतर. पाच मजले आहेत.

ध्वनिमुद्रक: तीन, दादा.

दादा: माहीत आहे रे. गंमत केली.

ध्वनिमुद्रक: मावशी, त्यांनी गंमत केली?

मावशी: केली खरी. लिहून ठेव तारीख.

ध्वनिमुद्रक: टेक नऊ ठेवतोय. उद्गारचिन्हासकट. जुन्यात ते होतं का, देव जाणे, हशात कधी ऐकूच आलं नाही. लोक वाद घालतील. इथं सही लागेल तुमची.

मावशी: पेन्सिलीनं चालेल?

ध्वनिमुद्रक: पेनानं हवी.

मावशी: दे. आमच्या गच्चीवरच्या टाकीत सहा वर्षांपासून नळाचं पाणी येत नाही. शनिवारी संध्याकाळी मीच त्याच्यासाठी दोन बादल्या ओतून ठेवते.